सड्यावरचं गाऱ्हाणं

ही गोष्ट २०२३ सालची. माघ महिना उतरणीला लागला होता. काजू मोहरले होते आणि निवेखोलच्या सड्यावर पोरांनी क्रिकेटचं मैदान आखलं होतं. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं उघडंबोडकं कातळ. पावसाळ्यात तिथे गवत आणि रानफुलं, एरवी तापलेला जांभा. भात झोडून झालं, गवत कापून झालं की वाघजाई क्रीडा मंडळाची पोरं तिथे लाल माती टाकून, पाणी मारून, चोपून खेळपट्टी करायची. चुन्याने गोल आखायचा, करवंदीच्या जाळीला कर्णा बांधायचा, की झालं मैदान. आसपासच्या गावांचे संघ यायचे. नियम एकच, ज्याचं घर ज्या गावात, त्याने त्याच गावातून खेळायचं. मग तो पोटासाठी मुंबईत राहो नाहीतर सुरतेत.

या नियमामुळेच यमुनाबाई शिगवणांचा रितेश वर्षातून एकदा गावाच्या हद्दीत येत होता.

येत होता तो सड्यावर. घरी येत नव्हता. मुंबईकर पोरांची गाडी पहाटे परस्पर वरच्या रस्त्याने सड्यावर जायची आणि सामने संपले की तशीच परत निघायची. यमुनाबाईंचं घर सड्याच्या पायथ्याला. कर्ण्याचा आवाज सरळ पडवीत उतरायचा. गेली काही वर्षं मुलगा गावात आल्याचं त्यांना कळायचं ते असं, कुणीतरी परका माणूस वरून ओरडायचा, "फलंदाजीला येतोय रितेश शिगवण", आणि त्या हातातलं काम टाकून अंगणात उभ्या राहायच्या. वर बघितलं तर नुसती काळी कड आणि आभाळ.

भांडण बापलेकाचं होतं. आत्माराम शिगवण पोफळीच्या वीजघरात नोकरीला होते. सारा जन्म वसाहतीतल्या खोलीत काढला, पोरगा तिथेच शाळा शिकला. निवृत्तीच्या आदल्या वर्षी साहेबांच्या हातापाया पडून त्यांनी रितेशसाठी एक जागा बघितली. अमुक दिवशी सकाळी मुलाला घेऊन या, साहेब म्हणाले. त्याच दिवशी सड्यावर अंतिम सामना होता. आत्माराम वीजघराच्या फाटकाशी इस्त्रीचे कपडे घालून दुपारपर्यंत उभे राहिले आणि मग गावी परतले. रितेश संध्याकाळी गावच्या घरी आला तो चषक आणि बक्षिसाची बॅट घेऊन, गळ्यात हार, मागे ताशा.

दुसऱ्या दिवशी आत्माराम सकाळी उठले, ती कोरी बॅट न्हाणीच्या चुलीत सारली, हंडा तापेपर्यंत शेजारी बसून राहिले आणि त्याच पाण्याने अंघोळ केली. टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले आणि बायकोला म्हणाले, "आज पाणी बरं तापलं होतं." रितेश ओट्यावर दात घासत होता. त्याने चूळ भरली, पिशवी घेतली आणि गेला. चषक अजून फळीवर आहे. त्यात यमुनाबाई सुया-दोरे ठेवतात.

पुढे तो नालासोपाऱ्याला कुठल्याशा गोदामात लागला. नम्रता नावाच्या मुलीशी लग्न केलं, मुलगी झाली, तिचं नाव सानवी ठेवलं. हे सगळं फोनवरून कळत गेलं. आईशी तो बोलायचा. बापाचं नाव निघालं की मात्र नेमकी रेंज जायची.

आणि मग २०२२ च्या गणपतीत आत्मारामांचं उजवं अंग लुळं पडलं. तोंड वाकडं झालं, बोलणं तोंडातल्या तोंडात. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका आला तर सांगता येत नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. आत्माराम पडवीतल्या खाटेवर पडून पायऱ्यांकडे बघत राहायचे. अंगणातून सड्याकडे चढत जाणाऱ्या जांभ्याच्या पायऱ्या. कुणाची वाट बघताय, असं यमुनाबाईंनी कधी विचारलं नाही. चाळीस वर्षं ज्या माणसाबरोबर काढली त्याला असलं काही विचारायचं नसतं. एकदाच, भात भरवताना, आत्मारामांनी डावा हात उचलून बॅट फिरवल्यासारखा केला आणि मान वळवून घेतली. यमुनाबाईंनी घास खाली ठेवला. त्या दिवसापासून त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. माणूस जायच्या आधी पोरगा एकदा घरात यायला हवा.

म्हणून सामन्याच्या आदल्या दिवशी त्या भिकाजीकडे गेल्या.

भिकाजी म्हणजे आत्मारामांचा चुलतभाऊ. गावचं गाऱ्हाणं घालण्याचा मान त्याच्या घराण्यात. कोकणात कुठलंही काम देवाला सांगितल्याशिवाय सुरू होत नाही. लग्न असो, विहीर खणायची असो, नाहीतर क्रिकेट असो, नारळ ठेवायचा, मानकऱ्याने देवाला सगळं बोलून दाखवायचं आणि जमलेल्यांनी "व्हय महाराजा" म्हणत त्याला दुजोरा द्यायचा.

"भाऊजी, उद्या सकाळी देवळात गाऱ्हाणं घालाल ना?" यमुनाबाईंनी विचारलं.

"घालनार तर. त्याशिवाय आमची पोरं जिंकतील व्हय? गेल्या वर्सी मी कनकवलीला होतो, तर पयल्याच सामन्यात पडली."

"मग देवीला आमच्या रितेशचं पण सांगा. घरी येऊ दे म्हणावं. ह्यांची तब्येत तुम्ही बघताच आहात."

भिकाजीने पानाचा डबा मिटला. तो गप्पिष्ट माणूस, पण त्या वेळी गंभीर झाला. "वयनी, तुमी सांगितलंत ना, आता काळजी नको. देवी कुनाचं ठेवून घेत नाय."

"विसरू नका हं. नीट सांगा."

"अगदी नीट सांगतो."

यमुनाबाईंना वाटलं होतं, पहाटे देवळात दोन-चार माणसं असतील, भिकाजी नारळ ठेवून पुटपुटेल. गाऱ्हाण्याचा नियम त्यांना काय ठाऊक नव्हता? ज्याच्यासाठी मागायचं त्याचं नाव, बापाचं नाव उघड घ्यायचं आणि चार माणसांनी व्हय म्हणायचं. चोरून मागितलेलं देवीपाशी पोचत नाही. लहानपणापासून त्या हे ऐकत आल्या होत्या. पण गरजेच्या वेळी माणसाला आपल्याला हवं तेवढंच आठवतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आत्मारामांचं आवरलं, शेजारच्या सानिकाला त्यांच्यापाशी बसवलं आणि धुवट लुगडं नेसून पायऱ्या चढायला लागल्या. सामन्याला बायका जात नसत. मनाई कुणी केली नव्हती, पण जात नसत. वर पोचल्या तेव्हा दम लागला होता. पुढे एवढं मोठं उघडं कातळ, रंगीत कपड्यातली पोरं, वडापावचा धूर, काजूखाली लावलेल्या मोटारसायकली. एका टोकाला मांडव, त्यात टेबलावर चषक आणि खुंटाला बांधलेला बक्षिसाचा बोकड. तो माइकची वायर चघळत होता आणि त्याला कुणीतरी शिव्या देत होतं.

रितेश त्यांना लगेच दिसला. निळा शर्ट, पाठीवर वाघजाई लिहिलेलं. पोट सुटलं होतं. केस विरळ झाले होते. सात वर्षांत माणूस एवढा बदलतो, हे फोनवर कळत नाही. त्याने त्यांना बघितलं, क्षणभर थांबला आणि चालत आला.

"आई, तू इथं? एवढ्या उन्हात?"

"तुझा खेळ बघायला आले."

तो हसला. अगदी पहिल्यासारखा, एका बाजूने. "तुला कळतं त्यातलं?"

"नाही कळत. तू कुठं उभा आहेस तेवढं कळतं."

त्याने स्वतः खुर्ची आणून काजूच्या सावलीत ठेवली. पाण्याची बाटली दिली. काहीतरी बोलायचं त्याच्या ओठांवर होतं. "आई, सामना झाल्यावर..." तो म्हणाला, तेवढ्यात मांडवातून हाक आली, "चला, गाऱ्हाण्याला चला", आणि तो "मग बोलतो" म्हणून गेला.

देवळात नाही. खेळपट्टीवर. यमुनाबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. स्टंपापाशी केळीच्या पानावर नारळ ठेवला होता, दोन्ही संघ गोल करून उभे होते, आणि भिकाजीच्या तोंडासमोर समालोचक पोराने माइक धरला होता. चिपळूणहून आणलेला पोरगा, ऋत्विक नाव, जिभेला हाड नसलेला. त्याला हे सगळं भारी गमतीचं वाटत होतं.

"हे बा वाघजाई देवी, बारा वाड्यांच्या राखनदारनी," भिकाजीचा आवाज कर्ण्यातून साऱ्या खोऱ्यात घुमला.

"व्हय महाराजा."

"आज तुज्या लेकरांनी तुज्या सड्यावर जो काय खेळ मांडलाय, त्यो सुखरूप पार पाड."

"व्हय महाराजा."

"कुनाचा हात मोडू नको, पाय मोडू नको, नि पंचाची बुद्दी फिरवू नको."

"व्हय महाराजा." हशा झाला. पंचही हसला.

भिकाजीने डोळे मिटले. नीट सांगायचा शब्द दिला होता त्याने. "आनि देवी, तुजं लेकरू आत्माराम बाळू शिगवन आज अंथरुनाला खिळलाय. त्येचा मुलगा रितेश, ह्यो हितं तुज्यासमोर हुबा हाय, बापसावर रुसून सात वर्सां घराची पायरी चढला नाय. त्येच्या मनातली अढी काढ, नि आज त्याला घरची वाट दाखव गे माये."

"व्हय महाराजा."

एवढा मोठा होकार आधी एकदाही झाला नव्हता. शेजारच्या गावची पोरंसुद्धा ओरडली. कुणीतरी शिट्टी मारली. रितेशच्या खांद्यावर कुणीतरी थाप मारली आणि त्याने ती झटकली. तो मान खाली घालून उभा होता. मग त्याने मान वर केली आणि थेट काजूच्या सावलीकडे बघितलं. यमुनाबाईंनी पदर तोंडाशी धरला होता. त्यांना सांगायचं होतं की हे मी असं नाही सांगितलं. पण त्यांनीच सांगितलं होतं.

भिकाजीने नारळ फोडला आणि समाधानाने त्यांच्याकडे बघून मान हलवली.

निवेखोलने आधी फलंदाजी घेतली. रितेश सलामीला गेला. पहिलाच चेंडू त्याने असा मारला की तो कातळावर टप्पा न घेता थेट काजूच्या बागेत गेला. ऋत्विक ओरडला, "आणि चेंडू निघाला घरच्या वाटेला. रितेशभाऊ, तुम्ही कधी?" लोक हसले. रितेशने पंचाकडे बघितलं. दुसरा चेंडू त्याने तसाच मारला. तिसऱ्याला ऋत्विक म्हणाला, "मंडळी, आई स्वतः न्यायला आल्यात, मैदानात आहेत. पानं वाढलेली आहेत. रितेशभाऊ, आटपा लवकर." पोरं खुर्च्या बडवायला लागली. यमुनाबाईंकडे माणसं वळून वळून बघू लागली. एका म्हाताऱ्याने तर हात जोडले.

रितेश पुढे धावला. बॅट फिरली ती वाऱ्यात. मागे स्टंप उडाले. हे मात्र यमुनाबाईंना कळलं. तो परत आला तो मांडवाच्या पलीकडच्या बाजूने.

उरलेला सामना त्यांनी बघितलाच नाही म्हणा. निवेखोलची पोरं हरली एवढं खरं. पहिल्याच सामन्यात बाहेर. मुंबईकर पोरं बॅगा भरायला लागली, कारण उद्या सगळ्यांना कामावर जायचं होतं. यमुनाबाई उठून गाडीपाशी गेल्या. रितेश मागच्या दाराशी एकटाच बूट सोडत बसला होता.

"रितेश, मी भाऊजींना देवळात मागायला सांगितलं होतं रे. चारचौघात नाही."

"असू दे."

"चल ना खाली. पाच मिनिटं. ते पायऱ्यांकडे डोळे लावून असतात."

त्याने बुटाची नाडी बोटाला गुंडाळली. "आई, मी येणारच होतो. सामना झाला की गुपचूप खाली उतरायचं ठरवून आलो होतो. नम्रतालाही सांगून आलो होतो. त्यांना चावता येत नाही असं ऐकलं, म्हणून मावा केक आणलाय बघ." त्याने सीटखालची पिशवी काढली. खोका एका कोपऱ्यात चेपला होता. "आता आलो तर कसा येऊ? सगळा सडा मागनं बघणार. देवीनं धरून नेला म्हणणार. तो बोकडसुद्धा हसेल मला."

"हसू दे. हसून हसून किती हसतील?"

"आणि बाबा? त्यांना काय वाटेल, मी आलो की गाऱ्हाण्यानं आणला? लोकांनी मला ओढून आणलं म्हणायचं? नाही आई. पुढच्या वेळी येतो. गणपतीत येतो, सानवीला घेऊन. कुणाला न सांगता."

"गणपतीपर्यंत ते..." यमुनाबाईंना वाक्य पुरं करवेना.

त्याने दुसरा बूट काढून ठेवला. हनुवटी पुढे, ओठ मिटलेले. न्हाणीच्या चुलीशी बसलेल्या माणसाची हनुवटी. यमुनाबाईंनी ती ओळखली. या हनुवटीशी त्या एकदाही जिंकल्या नव्हत्या.

पिशवी घेऊन त्या पायऱ्या उतरल्या. उतरताना भिकाजीने वरून हाक मारली, "वयनी, येतोय ना मागनं?" त्यांनी वळून बघितलं नाही.

अंगणात आल्या तर पडवीत आत्माराम खाटेवर बसलेले. आडवे नाही, बसलेले. पाठीला गोधडीची गुंडाळी. अंगात सफारीचा शर्ट, पोफळीला निवृत्तीच्या दिवसासाठी शिवलेला. तो आता खांद्यावरून ओघळत होता. केस पाण्याने चापून बसवलेले, भांग पाडलेला.

सानिका हळूच म्हणाली, "काकी, गाऱ्हाणं ऐकलं आणि तेव्हापासून खुंटीकडे बोट दाखवत होते. मला आधी कळेचना. मग हा शर्ट काढला तेव्हा थांबले. दाढीपण करून घेतली माझ्याकडून. कापलं थोडं." मग तिने यमुनाबाईंच्या मागे पायऱ्यांकडे बघितलं. "रितेशदादा?"

आत्मारामही तिकडेच बघत होते.

"सामना चाललाय अजून," यमुनाबाई म्हणाल्या. त्यांचा स्वतःचा आवाज त्यांना ओळखू आला नाही. "संपला की येतो म्हणालाय. हे बघा, तुमच्यासाठी केक पाठवलाय पुढे. मऊ आहे."

आत्मारामांनी मान हलवली. डाव्या हाताने शर्टाची कॉलर नीट केली. यमुनाबाईंनी खोका उघडला, तुकडा मोडला आणि त्यांच्या ओठांपाशी नेला. त्यांनी तो मानेनेच नाकारला. नंतर, अशी खूण केली. आल्यावर.

तेवढ्यात वरून कर्णा बोलला.

"निवेखोलच्या मुंबईकर मंडळींची गाडी आता निघते आहे. खिलाडूवृत्तीने खेळल्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. प्रवास सुखाचा होवो. रितेशभाऊ, पुढच्या वर्षी घरी जरूर जा हं."

खोऱ्यात हशा उतरला. मग वरच्या रस्त्याने गाडी गेल्याचा आवाज आला, वळणावर हॉर्न वाजला आणि थांबला.

यमुनाबाईंच्या हातात केकचा तुकडा तसाच होता. सानिका आत निघून गेली. आत्मारामांनी बायकोकडे बघितलं. त्यात राग नव्हता, तिच्या खोट्याबद्दलही नव्हता. मग ते एका हाताने शर्टाचं वरचं बटण सोडायला लागले. ते सुटेना. यमुनाबाईंनी मदतीला हात पुढे केला तो त्यांनी बाजूला सारला. बराच वेळ ते त्या बटणाशी झटत होते. वर पुढचा सामना सुरू झाला होता.

आत्माराम त्याच वैशाखात गेले, गणपतीच्या कितीतरी आधी. रितेश आला. आला तेव्हा अंगणात माणसं होती आणि बापाला पडवीतून बाहेर घेतलं होतं, म्हणजे बाप घरात असताना तो घराची पायरी चढलाच नाही. अग्नी त्याने दिला. बारावं झालं, तेराव्याला तो गेला. फळीवरचा चषक त्याने बघितला, त्यातल्या सुया बघितल्या, पण हात लावला नाही. त्यानंतर तो खेळला नाही. गुडघा दुखतो असं सांगतो. सानवीला घेऊन नम्रता एकदा येऊन गेली, चांगली मुलगी आहे. पोरीने विचारलं, आजोबा कुठे बसायचे? यमुनाबाईंनी खाट दाखवली.

भिकाजीला अजून वाटतं की देवीचं काहीतरी राहून गेलं असणार. त्याने त्या वर्षी वेगळा नारळ दिला. पुढच्या वर्षीपासून मैदानावरचं गाऱ्हाणं त्याचा पुतण्या घालतो. तो फक्त खेळापुरतं बोलतो. सानिका नवऱ्याबरोबर पुण्याला गेली. ऋत्विक मोठ्या स्पर्धांचं समालोचन करतो म्हणे. निवेखोल कुठे आहे हे आता त्याला आठवत असेल असं वाटत नाही.

सामने अजून होतात. माघात कर्णा लागला की यमुनाबाई दार ओढून घेतात आणि डोंगराच्या पलीकडच्या खाचरात जातात. तिथे आवाज पोचत नाही. तिथे काम काही नसतं. त्या नुसत्या बांधावर बसून असतात, उन्हं उतरेपर्यंत.